सत्तावीस नंबरच्या खुर्चीचा कान

मी कान बोलतोय. हसा, खुशाल हसा. कानानं ऐकायचं आणि तोंडानं बोलायचं, ही कामाची वाटणी मलाही ठाऊक आहे. पण लोकांनी मला इतकी वर्षं पिळलंय की दोन शब्द बोलायचा हक्क मी नक्कीच कमावलाय. शिवाय मला गप्प बसवत नाही. जन्मखोड म्हणा हवं तर.

मी माणसाचा कान नाही. जुन्या रेडिओला आवाज कमीजास्त करायची गोल खुंटी असायची, तिला लोक कान म्हणायचे. मी त्याच जातीचा. मुठीत मावेल एवढी काळी डबी, तिच्यावर मी, आणि डबीच्या पोटातून निघालेली एक वायर. डावीकडे पिळा, उजवीकडे पिळा, मी फिरतो. फिरण्याखेरीज मला काही येत नाही, आणि कुणी फिरवलं नाही तर मला करमत नाही.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तिथं नाना तऱ्हेचे कान तयार व्हायचे. माझी काही भावंडं शेगडीवर गेली, काही पंख्याच्या रेग्युलेटरवर. त्यांचं सोनं झालं. शेगडीचा कान फिरवला की ज्योत मोठी होते, फिरवणाऱ्याला समोर दिसतं, दूध उतू जायच्या आत तो परत फिरवतो. माझं तसं नाही. मला फिरवल्यावर काय होतं, ते फिरवणाऱ्याला कधीच दिसत नाही. ते दिसतं शेजारच्या खोलीत, काचेपलीकडे, दुसऱ्याच माणसाला. माझ्या सगळ्या अस्वस्थपणाचं मूळ बहुधा तिथंच आहे.

त्याचं असं आहे. सिनेमा किंवा मालिका लोकांपुढं जायच्या आधी थोड्या लोकांना दाखवून बघतात. त्यासाठी आमचं एक छोटं थिएटर होतं. चाळीस खुर्च्या, एक पडदा, आणि प्रत्येक खुर्चीच्या हातावर माझ्यासारखा एकेक कान. वायरमननं आम्हाला बसवलं तेव्हाच तो म्हणाला, "भिंतीला कान असतात ऐकलं होतं, आता खुर्चीलाही आले!" तेव्हापासून आमचं नाव कानच पडलं. मी सत्तावीस नंबरच्या खुर्चीवर. मधल्या रांगेत, वाटेच्या कडेला.

बघायला आलेल्या माणसाला सांगायचे, आवडलं की उजवीकडं फिरवा, कंटाळा आला की डावीकडं. मी फिरलो की काचेपलीकडच्या खोलीत एक रेष वरखाली व्हायची. चाळीस जणांच्या चाळीस रेषा मिळून एक सरासरी रेष निघायची. त्या एका रेषेवर कुणाचा सीन राहायचा, कुणाचा जायचा, जाहिरातीत काय दाखवायचं तेही ठरायचं.

माणसं आणायचं काम गोळ्याकडं होतं. गोड म्हणून गोळ्या नव्हे, माणसं गोळा करतो म्हणून गोळ्या. बाजारात, बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाहेर तो उभा राहायचा आणि म्हणायचा, "दोन तास आहेत का? फुकट सिनेमा, वर चहा." फुकट म्हटलं की माणूस आपल्याला दोन तास नाहीत हे विसरतो.

किती हात माझ्यावरून गेले! घामट, थंडगार, हळद लागलेले, शाई लागलेले. एक गृहस्थ चिवड्याच्या तेलकट बोटांनी मला असे कुरवाळत बसले की पुढचे चार दिवस मी कुणाच्या हातात धड राहीना. एक नवरा स्वतःचा कान सोडून बायकोचाच फिरवायचा. "तुला आवडलंय," तो तिला सांगायचा. एक आजी मला फिरवून फिरवून दमल्या, मग गोळ्याला बोलावून म्हणाल्या, "अरे, ही खुर्ची मागं होत नाही रे!"

सगळ्यात मोठी गंमत एका मालिकेची. तिच्यातला खलनायक तोंडातल्या तोंडात बोलायचा. लोकांना वाटलं मी आवाजाचा कान. ऐकू येईना म्हणून चाळीसातल्या निम्म्या लोकांनी आम्हाला उजवीकडं पिळलं. काचेपलीकडं रेष आभाळाला भिडली. झालं! त्या पुटपुट्याला डोक्यावर घेतलं, त्याचं काम वाढवलं, रस्तोरस्ती त्याचीच तोंडं लागली. आम्ही कान एकमेकांकडं बघत बसलो. सांगणार कोण? कानाचं कुणी ऐकतं का?

काचेपलीकडच्या खोलीची मालकीण म्हणजे सरासरीबाई. नाव निराळं होतं, पण निर्मात्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळे मागून सरासरीबाईच म्हणायचे, आणि तिला ते ठाऊक होतं. कडक बाई. अंबाडा असा घट्ट की कपाळाच्या आठ्याही ओढल्या जाव्यात. खोटं बोलायची नाही, कुणाला चढवायची नाही, आणि निर्मात्यानं मिठाई आणली तर तशीच परत पाठवायची. तिचा एक नियम होता. पडद्याकडं बघायचं नाही.

"पडदा बघितला की मी पण प्रेक्षक होते," ती म्हणायची. "आणि एकटा प्रेक्षक म्हणजे कुणीच नाही. रेष बघायची. रेषेला ना काका ना मामा."

रेष वर गेली तर ती "उठली" म्हणायची. खाली गेली तर "बसली." पण तिला सगळ्यात वाईट वाटायची ती वर नाही, खाली नाही, सरळ आडवी पडलेली रेष. "इथं रेष झोपली," ती बोट ठेवून म्हणायची. चिडलेला प्रेक्षक परवडला, झोपलेला नको, असं तिचं म्हणणं. रेष झोपली म्हटलं की निर्माते पेन उघडायचे आणि तो सीन गेला समजायचं.

आता मी तुम्हाला एक सांगतो, जे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं आणि ज्यापायी मी आतल्या आत तळमळत होतो. कंटाळलेला माणूस मला सोडत नाही. तो माझ्याशी खेळत बसतो. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. घरी तो पेनाचं टोपण काढतो-घालतो, इथं मला पिळतो. मला सोडतात ते दुसरेच. अंधारात कधीतरी एक हात माझ्यावरून हळूच उठतो आणि परत येतच नाही. तो ओठावर जातो, शेजारच्याच्या मनगटावर जातो, नाहीतर नुसताच मांडीवर पडून राहतो. मी असतो तिथंच थांबतो. रेष आडवी पडते. आणि काचेपलीकडं सरासरीबाई म्हणते, झोपली.

खरं सांगू? हात सुटला की माझाही जळफळाट व्हायचा. मला वाटायचं, माझ्यात काय खोट आहे, की ह्याला माझी आठवणही राहू नये?

मग एके दिवशी ती दिग्दर्शिका आली. तिचा पहिलाच सिनेमा. निर्माते म्हणजे तिचे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. काका जाडजूड, बोलायला मोकळे, हसले की खुर्ची हलायची. पुतणी काटकुळी, नखं खाणारी. सिनेमा सुरू झाला तशी ती थिएटरच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. कुणी बाहेर निघालंच तर तिच्या अंगावरून जावं लागेल, असा बेत असावा.

सिनेमा दोरखंडाच्या गोदामात काम करणाऱ्या माणसाचा होता. मारामारी होती, रुसवेफुगवे होते, पाण्याच्या टाकीत पडणारा एक मेहुणा होता. मेहुणा टाकीत पडला तसं थिएटर खदखदलं आणि मी उजवीकडं गरगर फिरलो. आणि मधेच एक सीन होता, ज्यात कुणीच काही बोलत नव्हतं.

त्या माणसाची बायको पडलेली असते, उजवा हात गळ्यात बांधलेला. तिचे केस विंचरायला घरात कुणी नाही. नवरा जन्मात पहिल्यांदा फणी हातात धरतो. त्याला वेणी कुठं येते? पण दोरखंड वळता येतो. तो तिच्या केसांचे पेड करतो, गोदामातल्यासारखा एकेक पेड ताणतो, वळतो, आणि शेवटी रिबीन बांधायची सोडून पक्की गोदामी गाठ मारतो. बायको डावा हात मागं नेऊन चाचपते. ती गाठ सात जन्म सुटायची नाही हे तिला कळतं. ती आरशातून त्याच्याकडं बघते. बस. एवढाच सीन.

त्या दिवशी माझ्यावर एका रिक्षावाल्याचा हात होता. मेहुण्याच्या वेळी त्यानं मला मोडायचंच बाकी ठेवलं होतं. पहिला पेड पडला आणि त्याचा हात उठला. मी वाट बघतोय. सव्वीस नंबरवरची नर्स, तिचाही हात गेला. पुढची रांग, मागची रांग, एकामागून एक आम्ही सगळे कान उघडे पडलो. चाळीस कान, आणि एकावरही बोट नाही. असं कधी झालं नव्हतं.

सिनेमा संपल्यावर काचेपलीकडच्या खोलीचं दार उघडंच होतं, म्हणून तिथलं सगळं मला ऐकू आलं.

"इथं रेष झोपली," सरासरीबाई म्हणाली. "अशी झोपलेली रेष मी आजवर बघितली नाही. सरळ पट्टीनं ओढल्यासारखी."

"काढून टाका," काका म्हणाले.

"काका!" पुतणी ओरडली. "ह्या सीनसाठी तर सिनेमा केला मी!"

"अगं, पण लोक झोपतायत."

"बाबांनी आईची वेणी घातली होती. अशीच. मी दारात उभी राहून बघितलंय."

"माझा दादा असा नव्हता," काका एकदम करड्या आवाजात म्हणाले. "फणी घेऊन बसणारा नव्हता तो."

"तुमच्यासमोर नव्हता."

काका घसा खाकरून म्हणाले, "ते मला काही सांगू नकोस. मी नाही म्हणत, रेष म्हणतेय. रेषेनं सांगितलं राहू दे, तर राहू दे."

मी तिकडं वायरीला हिसडे देत होतो. अहो, झोपले नव्हते! तो रिक्षावाला डोळे पुसत होता, त्याला विचारा! पण रिक्षावाला चहा पिऊन केव्हाच गेला होता. आणि जाताना दारात उभ्या दिग्दर्शिकेनं विचारलं तेव्हा तोही "छान होता, तो टाकीवाला भारी आहे," असंच म्हणाला होता. माणसं रडलेलं कबूल करत नाहीत.

"बाई," दिग्दर्शिका सरासरीबाईकडं वळली, "तुम्हाला कसा वाटला तो सीन?"

"मी बघितला नाही. मी बघत नसते."

"एवढ्या वर्षांत तुम्ही एक तरी सिनेमा बघितलाय का हो? की नुसत्या रेषाच?"

खोलीतला चहावालाही थबकला. सरासरीबाईला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. ती रागानं लाल झाली, पण आवाज चढवला नाही. "ठीक आहे," ती म्हणाली. "उद्या दुपारी थिएटर रिकामं आहे. मी खुर्चीत बसते, तू इथं बस. माझी रेष तू बघ. झोपली तर स्वतःच्या हातानं काढ तो सीन. मान्य?"

"मान्य," दिग्दर्शिका म्हणाली. काकाही म्हणाले, "हे बेस!"

दुसऱ्या दिवशी चाळीस खुर्च्या रिकाम्या, आणि ती येऊन बसली नेमकी माझ्या खुर्चीत. मला काय वाटलं असेल विचारा! जिच्यासाठी आम्ही आयुष्यभर फिरलो, तिचा हात आम्हाला कधी लागलाच नव्हता. हात थंड होता, बोटं सरळ, एखादी वस्तू तपासायला घ्यावी तशी तिनं मला धरलं. दिवे गेले. काचेपलीकडं पुतणी आणि काका. खुर्चीची पाठ उंच, त्यात अंधार. तिथून त्यांना बाई दिसत नव्हती. दिसत होती ती एक रेष.

बाई आधी फार हिशेबानं वागली. विनोद झाला, थोडं उजवीकडं. गाणं लांबलं, थोडं डावीकडं. मेहुणा टाकीत पडला तेव्हा तिला अचानक फुस्सकन हसू आलं आणि तिनं घाईनं इकडंतिकडं बघितलं. मी सुखावलो. म्हटलं, आता खरी आली.

मग तो सीन आला. माणसानं फणी उचलली. तिचा हात माझ्यावर घट्ट होता. पहिला पेड. दुसरा पेड. मी मनातल्या मनात विनवत होतो, बाई, सोडू नका. निदान आज तरी सोडू नका. फिरवा, उजवीकडं फिरवा, पोरीचा सीन जाईल!

तिसऱ्या पेडाला तिचा हात उठला.

काहीतरी खट्कन माझ्यावर आपटलं. केसांची पिन होती. मग दुसरी. त्या घट्ट अंबाड्यातून तिनं पिना उपसल्या होत्या, केस पुढं खांद्यावर घेतले होते, आणि पडद्यावरची नजर न काढता तिची दोन्ही हातांची बोटं पेड घालत होती. कुणी घातली असेल कधी तिची वेणी? आईनं? आणखी कुणी? ते मला कळलं नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही. मला एवढंच कळत होतं की मी मोकळा पडलोय, आणि काचेपलीकडं रेष आडवी पडतेय.

पडद्यावर गोदामाचं दार धाडकन उघडलं तशी ती दचकली आणि तिनं मला पकडलं. पण उशीर झाला होता.

दिवे लागले. दिग्दर्शिका बाहेर आली ती मान खाली घालून. "झोपली तुमची रेष," ती म्हणाली. "मी शब्दाची पक्की आहे. काढून टाकते."

बघा म्हणजे कमाल! जी पोर काल रेषेशी भांडत होती, तिनंही काचेपलीकडं बसल्यावर रेषेवरच विश्वास ठेवला. मागून काका आले. ते काही खूश दिसत नव्हते. जिंकलेल्या माणसासारखं त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

सरासरीबाई खुर्चीतून उठली नाही. तिनं नुसतं "बरं" म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं. तिचा नियम, तिचं नाव, कपाटातले सगळे रिपोर्ट. मी श्वास रोखला. मला श्वास नाही, पण रोखला.

"थांब," ती म्हणाली. "माझा हात त्याच्यावर नव्हता."

"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे फिरवायचं राहून गेलं. विसरले मी."

"विसरलात म्हणजे कंटाळलात ना, बाई?"

"कंटाळलेला माणूस विसरत नाही हो. त्या गाण्याच्या वेळी बघा ना माझी रेष, मी ह्याच्याशी चाळा करतेय." तिनं माझ्यावर टिचकी मारली. "ह्या सीनला मी इथं नव्हतेच."

तेव्हा दिग्दर्शिकेनं मान वर केली आणि तिला दिसलं. सरासरीबाईच्या खांद्यावर अर्धी वेणी होती. तीन पेडांची, खाली सुटलेली. पोरीनं तोंडावर हात ठेवला. काकाही बघत राहिले. त्यांना काय आठवलं कोण जाणे, ते एकदम पलीकडच्या रांगेतल्या खुर्चीत बसले आणि पंच्याऐंशी किलोच्या माणसानं लहान पोरासारखं नाक पुसलं.

"गाठ तशीच मारायचा दादा," ते म्हणाले. "माझ्या शाळेच्या बुटांच्या नाडीला मारायचा. कापावी लागायची."

मग त्यांनी स्वतःला सावरलं. "ठेव सीन. पण पोस्टरवर टाकीतला मेहुणाच हवा हं! आणि वर मोठ्या अक्षरात, पोट धरून हसा!"

"चालेल, काका," पुतणी रडता रडता म्हणाली. त्या क्षणी त्यांनी पोस्टरवर टाकीत पडलेला हत्ती मागितला असता तरी तिला चाललं असतं.

दारातून बाहेर पडता पडता काका वळले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, सहज विचारलं त्यांनी. "पण बाई, मग आजवर तुम्ही झोपल्या म्हणून सांगितल्या, त्या सगळ्या रेषांचं काय?"

उत्तराला न थांबता ते निघून गेले.

ती तशीच माझ्या खुर्चीत बसून राहिली. हात माझ्यावर. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं. पडदा कोरा, वायरीच्या पलीकडं यंत्र बंद, तरी मला पिळतेय. मग तिनं फोन काढला, नंबर लावला, आणि दोन्ही हातांनी अंबाडा घालायचा म्हणून फोन मांडीवर ठेवून आवाज मोठा केला.

"बाई! तुम्ही?" पलीकडून एक खणखणीत आवाज आला. "आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय!"

आवाज मी ओळखला. ह्याला सगळे मास्तर म्हणायचे. फार पूर्वी आमच्याकडं त्याचा एक सिनेमा आला होता. पुढं त्यानं सिनेमे सोडले आणि सिनेमा शिकवायला लागला, म्हणून मास्तर.

"मास्तर, तुमचा तो कुलपाचा सीन..." बाई म्हणाली.

तो सीन मलाही आठवत होता. एक म्हातारी घर कायमचं सोडून निघते. सामान गेलेलं, खोल्या रिकाम्या. ती कुलूप लावते, चार पावलं जाते, परत फिरते, कुलूप उघडते, आणि त्या रिकाम्या घराला म्हणते, "येते हं." जाते म्हणायचं नसतं ना आपल्यात. तेव्हा माझ्यावर एका शिपायाचा हात होता. तोही असाच उठून गेला होता.

"अहो, त्या सीनचे तर मी तुमचे उपकार मानतो!" मास्तर हसले. "दरवर्षी पोरांना पहिल्याच तासाला तोच किस्सा सांगतो. म्हणतो, मी माझ्या आईच्या आठवणीत रमलो आणि चाळीस माणसं झोपवली. चाळीस! स्वतःचं दुःख पडद्यावर आणलं की असं होतं. पोरं लिहून घेतात. तुम्ही कापायला लावलात म्हणून वाचलो."

"मास्तर, ते झोपले नव्हते."

"अं?"

"त्यांचे हात कानावर नव्हते. सुटले होते. मी पडदा बघत नव्हते, माणसंही बघत नव्हते. मला नुसती रेष दिसत होती. आज मी स्वतः बसले होते खुर्चीत. तेव्हा कळलं. तुमचा सीन चांगला होता. फार चांगला होता. तो आहे का हो अजून कुठं?"

पलीकडं कुणीतरी बाकं सरकवत होतं, तेवढाच आवाज.

"काढलेलं कोण ठेवतं, बाई?" मास्तर म्हणाले. खणखणीतपणा कुठल्या कुठं गेला होता. "आता सांगताय होय?"

बाईनं अर्धा घातलेला अंबाडा सोडून दिला.

"ती खरंच म्हणाली होती हो तसं. आई. रिकाम्या घराला." मास्तर म्हणाले. "आणि मी इतकी वर्षं पोरांना... उद्या पहिला तास आहे माझा. नवीन पोरं येतायत. काय सांगू त्यांना?"

फोन कुणी आधी ठेवला ते मला कळलं नाही. तिचा हात माझ्यावर होता, पण तिनं मला पिळलं नाही. नुसतं घट्ट धरून ठेवलं, आणि एवढा वेळ स्थिर राहणं मला जन्मात पहिल्यांदा सोसलं.

आता त्या थिएटरात आम्ही कान नाही. नवीन यंत्र आलंय. समोर बसवलेले डोळे माणसांचे चेहरे टिपतात, हसलं किती, भुवई उचलली किती. माणसांना ते ठाऊक असतं, म्हणून ती फोटोला बसल्यासारखी बसतात. बाकीचे कान वायरमननं एका खोक्यात भरून नेले. मला बाईनं मागून घेतलं. मी तिच्या टेबलावर असतो, वायर तोडलेली, शेजारी फोन.

ती अजून फोन करते. रोज नाही, जमेल तेव्हा. कुणी उचलतं, कुणी उचलत नाही, कुणी म्हणतं कुठला सीन, मला आठवत नाही, आणि लगेच सगळा सीन जसाच्या तसा सांगतं. बोलताना ती मला फिरवत असते. आता मी फिरलो तरी कुठंही रेष उमटत नाही. तरी मला चैन नाही. किती फोन राहिलेत ते ना तिला ठाऊक, ना मला.

तुम्हाला एकच सांगणं. कधी अंधारात बसला असाल, कुणी तुमच्या हातात माझ्यासारखं काही दिलं असेल, आवडलं तर असं करा, नाही आवडलं तर तसं करा म्हणून. आणि मधेच तुमच्या ध्यानात आलं की ते हातातून केव्हाच सुटलंय, तर घाईघाईनं चाचपू नका. राहू द्या पडलेलं. मला वाईट वाटणार नाही. फक्त बाहेर पडताना दारात कुणी नखं खात उभं असेल, तर त्याला तेवढं सांगून जा.